बारा फूट उत्तरेला

"आमच्या वेळी या शहरात रोज पहाटे रस्ते धुवायचे," आप्पा म्हणाले आणि मी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"रस्ते होते किती, आप्पा? स्टेशनपासून कलेक्टरच्या बंगल्यापर्यंत एक. तेवढा धुवायला काय लागतंय?"

"एक असू दे. धुतलेला होता ना? आता चाळीस आहेत, एक तरी पाय ठेवण्यासारखा आहे का? आणि धुणार कशानं? नळाला पाणी चार दिवसांनी येतंय."

"तुमच्या वेळी पाणी रोज यायचं, पण अख्ख्या गल्लीत संडास एक होता. अव्वाला विचारा, पहाटे चारला उठून रांगेत कोण उभं राहायचं ते."

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तव्यावरची भाकरी उलटली. "मला मध्ये घेऊ नका. मला तेव्हाही हेच काम होतं, आताही हेच आहे."

उंबऱ्यात बसून आमचा पेपर वाचणारे तिप्पण्णाकाका मोठ्यानं हसले. ते आप्पांचे शाळेतल्या बिगारीपासूनचे दोस्त. गिरणी बंद पडेपर्यंत तिथं जॉबर, म्हणजे मुकादम, होते. रोज सकाळी साडेसहाला यायचे, चहा प्यायचे, पेपर वाचायचे आणि आमच्या भांडणात पंचाचं काम करायचे.

"आज पोरीला अर्धा गुण जास्त," ते म्हणाले.

दोन हजार चारचा मे महिना होता. मी अठ्ठावीस वर्षांची. महानगरपालिकेच्या बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, खात्यातली एकटी बाई. त्याच पालिकेत आप्पांनी सदतीस वर्षं नकाशे काढले होते. नकाशांच्या प्रती उतरवणारे ट्रेसर म्हणून लागले आणि मुख्य आरेखक होऊन चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी त्यांच्याच कार्यालयात चिकटले याचं त्यांना कौतुक होतं की धास्ती, हे मला कधी उमगलं नाही. आमचं ते रोजचं 'तेव्हा चांगलं की आता' बाहेरच्यांना गंमत वाटायचं, पण त्यात गंमत थोडी आणि ईर्ष्या फार होती. जुनं शहर आप्पांच्या टेबलावरून गेलेलं होतं आणि नवं माझ्या टेबलावरून जाणार होतं.

त्या सकाळी मी अर्ध्या गुणावर थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"ते भुसार पेठेचं वळणच बघा ना. परवा पुन्हा एक स्कूटरवाला ट्रकखाली जाता जाता वाचला. चांगला सरळ येणारा रस्ता, आणि मध्येच कमरेत लचक भरल्यासारखा वाकतोय. तुमच्या लोकांना साधी एक सरळ रेघ मारता आली नाही. आम्ही करतोय आता सरळ. साठ फुटी."

आप्पा उठले. ताटात अर्धी भाकरी होती. मोरीत जाऊन ते बराच वेळ हात धूत राहिले.

"वळण पुण्याहून आखून आलं होतं, पोरी," तिप्पण्णाकाका पेपरवरून मान वर करून म्हणाले. "सासष्ट साली. कोष्टी गल्लीतली अकरा घरं गेली, त्यात माझं एक. घरात दोन माग होते माझ्या बापाचे. पण सिद्धाचा, तुझ्या बापाचा, काय दोष? तो तेव्हा साधा ट्रेसर. उलट आमची घरं वाचवायला यानं किती खटपट केली."

आप्पा बाहेर आले ते टॉवेल खांद्यावर टाकून सरळ अंगणात गेले.

---

कोष्टी गल्लीची एक बाजू त्या वेळी रस्त्यात गेली होती, दुसरी शिल्लक होती. नऊ घरं, बहुतेकांवर पत्रे. त्यातलंच एक घर तिप्पण्णाकाकांनी पुढं गिरणीच्या चाळीतून सुटल्यावर घेतलं. मी त्यांना किती वेळा म्हटलं होतं, "काका, त्या खुराड्यात काय ठेवलंय? मुलाचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, तिकडं जावा की." ते म्हणायचे, "मी गल्लीत परत यायला चौदा वर्षं लावलीत पोरी, आता लिफ्टमध्ये कुठं घालतीस?"

नव्या रस्त्याची मोजणी माझ्याकडं होती. रस्त्याच्या दक्षिणेला, म्हणजे कोष्टी गल्लीच्या समोर, एक व्यापारी संकुल होतं, तीन मजली, बाहेरून निळी काच. पूर्वी त्या जागी कापसाचं गोदाम होतं. रस्ता सरळ केला की संकुलाची पुढची दुकानं जाणार हे मोजणीत स्पष्ट दिसत होतं. मी तसा नकाशा केला आणि उपअभियंता मोहळकर साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी तो शांतपणे पाहिला. ते कधीच आवाज चढवत नसत.

"शैलजा, काम छान आहे. फक्त एक विचार कर. संकुलात बँक आहे, दवाखाना आहे. तोडायला गेलो की कोर्टात जाणार, दहा वर्षं स्टे. रस्ता तसाच, वळण तसंच, अपघात तसेच. मध्यरेषा बारा फूट उत्तरेला सरकव. वळण पूर्ण जाणार नाही, पण सौम्य होईल, आणि काम उद्या सुरू होईल. त्या बाजूला काय आहे? पत्र्याची नऊ घरं. त्यांना नव्या इमारतीत जागा देऊ. ती माणसंही सुधारतील."

"पण सर, मोजणी—"

"मोजणी तुझीच आहे. तू सरकवशील तिथं ती सरकेल." मग अगदी सहज म्हणाले, "स्टेशनवरच्या उड्डाणपुलासाठी मला एक चांगला माणूस हवाय. तुझं नाव सुचवायचं मनात आहे."

आमच्या शहरातला तो पहिला उड्डाणपूल होणार होता. मी त्याची चित्रं वहीत काढून बघायची.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला मी संगणकावर ती रेघ धरली आणि बारा फूट वर ओढली. आवाज झाला नाही. मनात म्हटलं, तिप्पण्णाकाकांचं भलंच होईल. लिफ्ट मिळेल. मग मी उठून पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. टेबलावरच्या फायली एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात हलवल्या. घरी येताना मी भुसार पेठेतून न येता मुद्दाम दोन किलोमीटर लांबून आले.

---

रविवारी दुपारी मी नकाशाचा मोठा प्रिंट जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हरकतींची सुनावणी होती आणि नकाशा आयुक्तांपुढं मला मांडायचा होता. उन्हानं पत्रे तडतडत होते. कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसताच गरम हवा फेकत होता. अव्वा आत आडवी झाली होती.

आप्पा आले आणि माझ्या मागं उभे राहिले.

"बघा," मी म्हणाले. "तुम्हाला एक रस्ता उतरवायला आठ दिवस लागायचे. हे दीड दिवसात. आणि इथं कुणाला लबाडी करता येत नाही, आप्पा. यंत्र मोजतं, संगणक काढतो."

हे मी का बोलले, देव जाणे. कुणी विचारलंही नव्हतं.

आप्पांनी चष्मा लावला. स्टेशनकडच्या टोकापासून त्यांनी रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढं नेऊ लागले. पोस्ट ऑफिस. धान्यबाजार. संकुलाच्या अलीकडं बोट थांबलं.

"इथं हात हलवलास."

"काय?"

"रेघ सरळ येत होती. इथं उचललीस. किती, बारा?"

माझ्या कानशिलातून वाफ निघाल्यासारखं झालं. "मोजणीत जसं आलं तसं आहे."

"शैला, मोजणीत बारा फूट असे गोल गोल येत नाहीत. मोजणीत अकरा फूट सात इंच येतात. बारा फूट माणूस सांगतो." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "मलाही बाराच सांगितले होते."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"सासष्ट साली मंजूर नकाशा सरळ होता. पुण्याहून सरळच आला होता. समोर गोदाम होतं, शेठजींचं. मी तीन वर्षं हंगामी होतो. ओव्हरसीअर म्हणाला, साइटवर जायची प्रत तू उतरवतोस ना, मग गोदामापाशी बारा फूट उत्तरेला घे. कोण बघतंय? आणि म्हणाला, कायम व्हायचंय ना तुला?" आप्पांनी चष्मा काढला. "मी गुळगुळीत वळण काढलं. फार सुंदर आलं होतं. सगळ्यांनी तारीफ केली. महिन्यानं मी कायम झालो. त्याच महिन्यात तिप्पण्णाचं घर पाडलं. त्याचा बाप मागाच्या खड्ड्यात उतरून बसला होता. बाहेर येईना. चौघांनी उचलून काढला."

"आणि तुम्ही?"

"मी तिप्पण्णाचं सामान वाहत होतो. मी भांडी उचलली, त्याच्या बापाच्या हातातला मागाचा धोटा काढून घेतला. त्याला सांगितलं, वरून आलंय, आपण काय करणार."

बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मला आप्पांची दया यायला हवी होती. आला तो राग. रोज सकाळी जेवणाच्या ताटावर बसून 'आमच्या वेळी' म्हणणारा माणूस हा!

"मग कुठल्या तोंडानं सांगता, तेव्हाचं शहर चांगलं होतं म्हणून? तेव्हाही हेच होतं!"

"मी कधी म्हटलं, आम्ही केलेलं शहर चांगलं होतं?" आप्पा एकदम ओरडले. आतून अव्वा उठून बसल्याचा आवाज आला. त्यांनी आवाज खाली घेतला. "मी म्हणतो ते शहर त्याच्या आधीचं. मी हात लावायच्या आधीचं."

मी प्रिंटची गुंडाळी केली, ती नीट होईना, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

"मोहळकर साहेब म्हणतात, नाहीतर रस्ता होणारच नाही," मी म्हणाले. "काम होणं महत्त्वाचं आहे."

"मलाही हेच म्हणाले होते."

"तुमची गोष्ट वेगळी होती!"

"हो का?" आप्पा म्हणाले. "मग माझं बोट संकुलापाशी आल्यावर तू श्वास का धरलास?"

मी गुंडाळी काखेत मारून भर उन्हात बाहेर पडले. मैत्रिणीकडं जाऊन बसले आणि दिवेलागणीला परत आले. नकाशा बदलायला संध्याकाळ पुरेशी होती, कार्यालयाची किल्ली माझ्याकडं होती. मी गेले नाही.

---

सुनावणीला सभागृह भरलं होतं. कोष्टी गल्लीतली माणसं मागच्या बाकांवर, संकुलवाले पुढं वकील घेऊन. तिप्पण्णाकाका कडेला बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून त्यांनी हात हलवला. आपल्या ओळखीची पोरगी आहे म्हटल्यावर त्यांना धीर आला असावा.

मी नकाशा लावला. बोलले. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या खोलीतून येत असल्यासारखा. नऊ घरांचे क्रमांक वाचले. सातवा क्रमांक, तिप्पण्णाकाकांचा, वाचताना मी कागदावरून नजर वर केली नाही.

"कुणाची हरकत?" आयुक्तांनी विचारलं.

मागून आप्पा उठले. ते कधी आले होते मला माहीत नव्हतं.

"साहेब, मी सिद्धाराम कलशेट्टी. याच कार्यालयात आरेखक होतो. माझं घर त्या रस्त्यावर नाही, पण मला सांगायचंय."

"बोला."

"या रस्त्याचा मूळ मंजूर नकाशा सरळ आहे. तो रेकॉर्ड रूममध्ये आहे, कापडावरची प्रत, वरून तिसरं कपाट. सासष्ट साली साइटवर जी प्रत गेली ती मी काढली होती. तिच्यात मी रस्ता बारा फूट उत्तरेला वळवला. वरून आलं नव्हतं. मला तोंडी सांगितलं आणि मी केलं. खाली कोपऱ्यात माझी सही आहे. त्या बारा फुटांत अकरा घरं गेली."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या नकाशाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सांगायचं होतं तेवढं सांगून ते उभेच राहिले, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे.

रेकॉर्ड रूममधून दोन्ही प्रती आल्या. आयुक्तांनी त्या टेबलावर पसरल्या, शेजारी माझा प्रिंट ठेवला, पट्टी लावली. मग मला बोलावलं.

"मॅडम, मूळ मंजुरी सरळ आहे. तुमच्या नकाशात हे बारा फूट कुठून आले?"

मोहळकर साहेब छताकडं बघत होते. माझ्यापासून सहा हातांवर माझे वडील उभे होते. त्यांनी नुकतंच जे वाक्य उच्चारलं होतं, तेच मला उच्चारायचं होतं. मला सांगितलं आणि मी केलं. पाच शब्द.

"मोजणीत चूक झाली असावी, सर," मी म्हणाले. "दोन दिवसांत दुरुस्त करून देते."

"द्या," आयुक्त म्हणाले. आणि सगळ्यांपुढं हेही म्हणाले की चूक तत्काळ मान्य करणारे अधिकारी हल्ली कमी आहेत.

बाहेर व्हरांड्यात कोष्टी गल्लीची माणसं आप्पांभोवती जमली. घरं वाचली होती. कुणी हात जोडत होतं, कुणी दुरूनच बघत होतं. तिप्पण्णाकाका गर्दीतून वाट काढत आप्पांसमोर आले.

"अडतीस वर्षं," ते म्हणाले. "रोज माझ्या शेजारी बसून चहा कसा प्यालास रे?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण काकांनी उत्तरासाठी थांबायची तसदी घेतली नाही. जिना उतरून गेले.

आम्ही दोघं चालतच घरी निघालो. रिक्षा करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कोर्टाच्या भिंतीपाशी थोडी सावली होती, तिथं मी थांबले.

"आप्पा, मी खरं सांगायला हवं होतं."

"हो," आप्पा म्हणाले आणि चालायला लागले.

---

तिप्पण्णाकाका यायचे बंद झाले. आप्पा साडेसहाला अंगणात येऊन उभे राहायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, परत यायचे. पेपर घडी न मोडता पडून राहायचा. मी मुद्दाम एकदा म्हणाले, "आज पेपरात आलंय, आपल्याकडं विमानतळ होणार." ते म्हणाले, "होऊ दे." मी म्हणाले, "तुमच्या वेळी होता का?" ते म्हणाले, "नव्हता." बस. त्या घरात मला प्रथमच भांडणाशिवाय जेवावं लागत होतं, आणि घास उतरत नव्हता. कार्यालयात मी सरळ नकाशा दिला, तो मंजूर झाला. माझं कौतुक झालं. मोहळकर साहेब माझ्याशी पूर्वीसारखंच गोड बोलत, फक्त उड्डाणपुलाचं नाव काढत नसत.

नवव्या दिवशी सकाळी मी कोष्टी गल्लीत गेले.

तिप्पण्णाकाका दाराबाहेर बादलीत पाणी घेऊन मेथीची जुडी धूत होते. "ये," म्हणाले, पण उठले नाहीत. मी पायरीवर बसले.

"काका, आप्पा नीट जेवत नाहीत."

"मी काय भरवायला येऊ?"

"मला वेगळंच सांगायचंय." पायरीवरची एक खपली मी नखानं काढत होते. "मोजणीत चूक झाली नव्हती. ती रेघ मी सरकवली होती. जाणूनबुजून. तुमचं घर त्यात जातंय हे मला माहीत होतं. आप्पांनी नकाशा बघितला आणि ओळखलं. म्हणून ते तिथं आले. त्यांनी स्वतःचं सांगितलं आणि माझं झाकलं."

काकांचे हात पाण्यात थांबले.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही. पहिल्यांदा तुम्हालाच."

मेथी पिळून ताटात ठेवली, बादली गटारात ओतली, पालथी घातली. मग धोतराला हात पुसत माझ्याकडं नीट पाहिलं.

"रेघ कधी सरकवलीस?"

"त्या सुनावणीच्या आधी चार दिवस."

"म्हणजे बारा-तेरा दिवस झाले." त्यांनी मान डोलावली. "तुझ्या बापाला अडतीस वर्षं लागली. तुला तेरा दिवस. शहर सुधारलं म्हणायचं."

आणि ताट उचलून आत गेले.

मी घरी आले. आप्पा अंगणात खाटेवर बसले होते, बनियनवर. मी त्यांना सगळं सांगितलं, काकांचं वाक्यही जसंच्या तसं. आप्पांनी ते ऐकलं. मग विचारलं, "पुन्हा सांग. काय म्हणाला शेवटी?"

मी पुन्हा सांगितलं.

"रागानं म्हणाला, का हसून?"

मी आठवायचा प्रयत्न केला. "कळलं नाही, आप्पा. त्यांचं तोंड आत वळलं होतं."

आप्पा उठले. आत जाऊन शर्ट घालून आले, एक बटण खालीवर झालेलं. अव्वानं विचारलं, कुठं निघालात एवढ्या उन्हाचं. त्यांनी दाराशी पायताण सरकवलं.

"मीच विचारून येतो," म्हणाले.